गेटवरचं ॲप, मनगटावरचं घड्याळ आणि आपल्याला न दिसणारी आपली नोंद

रानजाई

आमच्या सोसायटीची (पुणे, मोठी आहे, सहा इमारती) सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे आणि विषयपत्रिकेवर एक विषय आलाय, गेटवर चेहरा ओळखणारा कॅमेरा बसवायचा आणि तो सध्याच्या गेट ॲपला जोडायचा. चेहरे कुणाचे नोंदवायचे तर धुणंभांड्याच्या बायका, पोळ्यांच्या मावशी, ड्रायव्हर, गाड्या पुसणारी मुलं, कचरा नेणारे. सभासदांचे नाहीत, सभासदांना गाडीच्या काचेवरचा स्टिकर पुरे.

सध्याचं ॲप असं चालतं की मावशी गेटवर आकडी कोड सांगतात, मला फोनवर टिंग होतं, "आत आल्या". जाताना परत टिंग. महिनाअखेर मला कॅलेंडर दिसतं, कुठल्या दिवशी आल्या, किती वाजता, किती वेळ होत्या. त्या आणखी कुठल्या फ्लॅटमध्ये कामाला जातात तेही दिसतं आणि त्यांना मी चांदण्या देऊ शकते, म्हणजे रेटिंग. मावशींना यातलं काहीही दिसत नाही. त्यांचं खातंच नाहीये. त्यांच्यासाठी फक्त तो कोड.

आता नव्या प्रस्तावात एक ओळ आहे, "वेळेचा मासिक अहवाल पगारासाठी वापरता येईल". मला रात्री झोप लागेना हे वाचून.

मी काही तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही, घरात स्मार्ट टीव्ही आहे, मुलाच्या हातात घड्याळ आहे, गाडीला फास्टॅग आहे. पण या सगळ्या वस्तू आता आपलं आपलं काहीतरी लिहून ठेवतात आणि ते लिहिलेलं कुणाकडे जातं ते बघितलं तर बहुतेक वेळा ज्याच्या हातात आधीच जास्त ताकद आहे त्याच्याकडे. मला धागा काढायचाय तो यावर. कॅमेरा चांगला की वाईट हा प्रश्न मी विचारतच नाहीये. ज्याची नोंद होते त्याला ती बघता येते का, चुकली असेल तर बोलता येतं का, एवढंच. तुमच्याकडे काय अनुभव आहेत? सभेत बोलायचंय मला, तयारीने जायचंय.

बिल्डिंग_सी

मी आमच्या (वेगळ्या) सोसायटीत कमिटीवर आहे त्यामुळे दुसरी बाजू सांगतो. आधी गेटवर वही असायची. त्या वहीत नाव, फोन नंबर, कुणाकडे जायचंय, सगळं उघडं, कुणीही येऊन पान उलटून नंबर घ्यावा. बायकांचे नंबर त्या वहीतून घेऊन त्रास दिल्याच्या तक्रारी आमच्याकडे आलेल्या आहेत. ॲप आल्यावर ते बंद झालं. दुसरं म्हणजे आमच्याकडे दोन घरफोड्या झाल्या तेव्हा पोलिसांनी पहिलं विचारलं ते आत कोण कोण आलं होतं. अशा वेळी कमिटीने काय उत्तर द्यायचं? एकटे राहणारे म्हातारे लोक आहेत, त्यांची मुलं परदेशात आहेत, ती मुलं फोन करून विचारतात की गेटवर काय व्यवस्था आहे. त्यामुळे नोंदच नको हे मला पटत नाही. रेटिंगबद्दल मात्र मी कधी विचार केला नव्हता, ते सुरक्षेत कसं बसतं हे मलाही सांगता येणार नाही.

वऱ्हाडी_सुपारी

रानजाई ताई, तुमच्या धाग्यात नागपूर यायलाच पाहिजे. २०१८-१९ च्या सुमारास आमच्या महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली. काम कुठल्या रस्त्यावर हे नकाशावर आखून ठेवलेलं, कामगार त्या हद्दीत आहे का, फिरतोय का एकाच जागी उभा आहे, हे वर बसलेल्या माणसाला पडद्यावर दिसून राहिलं आणि हजेरी त्याच्यावर, म्हणजे पगारही. नंतर २०२० मध्ये पंचकुला आणि चंदीगडलाही तेच आलं. तिकडच्या बायकांनी आंदोलन केलं. पेपरात वाचलेलं आठवते, त्यांची भीती अशी होती की याच्यात कॅमेरा आहे की काय, आवाज ऐकतात की काय, मग बाथरूमला जाताना काय करायचं. कुणी नीट सांगितलेलंच नव्हतं त्यांना की हे यंत्र नेमकं काय करते. घड्याळ घरी नेऊन चार्ज करायचं तेही कामगारानेच.

याची दुसरी बाजू मला माहीत आहे, कारण मी पण टॅक्स भरतो आणि हजेरीपटावर खोटी नावं लागतात हे शहरात सगळ्यांना ठाऊक असते. पण खोटी नावं लावणारा कोण असते? झाडू मारणारी बाई असते का? घड्याळ तिच्या हातावर बांधलं ना. ठेकेदाराच्या हातावर नाही, साहेबाच्याही नाही. आणि पहाटे उठून तीच बाई गटारापाशी हातमोज्याशिवाय उभी असते, ते त्या नकाशावर दिसत नाही, हातमोजे मिळाले का याचा ठिपका नाही तिथे. काय मोजायचं हे ज्याने ठरवलं त्याला जे पाहिजे होतं तेवढंच मोजलं गेलं.

अश्विनी_नक्षत्र

खूप दिवसांनी लॉगिन करून लिहितेय. माझी आई ठाण्यात घरकाम करते, तीस वर्षं होत आली. मी स्वतः अकाउंट्समध्ये आहे आता, आईच्या कामावरच शिकले.

आईचा कोड तिने पर्समध्ये बसच्या पासच्या मागे लिहून ठेवलाय कारण गेटवर मागे रांग असली की घाईत तिला आकडे आठवत नाहीत आणि वॉचमन ओरडतो. आता नोंद कशी चुकीची होते ते सांगते, कारण ॲप बनवणाऱ्यांनी हे कधी बघितलं नसणार. एकाच सोसायटीत आईची तीन घरं आहेत. ती आठला आत येते, पहिलं घर चौथ्या मजल्यावर, दुसरं अकराव्या, तिसरं शेजारच्या विंगमध्ये. ॲप तिन्ही घरांना एकच निरोप पाठवतं, "आत आल्या, ८:०४". तिसऱ्या घरच्या ताईंना वाटतं की बाई आठला आली आणि माझ्याकडे दहाला उगवते, मधे दोन तास कुठे गप्पा मारत होती. कामवाल्यांची लिफ्ट वेगळी आहे, एकच, तीच सामानाची, कुणाचं फर्निचर आलं की वीस मिनिटं खाली उभं राहायचं किंवा जिना चढायचा गुडघे दुखत असताना. ती वीस मिनिटं कुणाच्या खात्यात धरायची? घरातल्या माणसाला डोळ्यांनी दिसतं की बाई घामाघूम होऊन आली, ॲपला फक्त गेट दिसतं.

आणि ते रेटिंग. आईने एक घर सोडलं कारण पगार वाढवून मागितला तर दिला नाही. त्यानंतर नवीन घर मिळेना, दोन ठिकाणी "बघू, कळवतो" म्हणाले आणि कळवलंच नाही. पुढे एका चांगल्या ताईंनी आपला फोन उघडून दाखवला, आईच्या नावापुढे दोन चांदण्या होत्या आणि खाली लिहिलेलं "ॲटिट्यूड". कुणी लिहिलं ते नाही, तारीख नाही. आईने विचारलं हे पुसायला कुणाकडे जायचं. ताईंनाही माहीत नव्हतं, वॉचमनला नव्हतं, ऑफिसात विचारलं तर म्हणाले ॲपवाल्यांना मेल करा. आईने कुठून मेल करायचा? मी केला. उत्तर आलं की तक्रार रहिवाशाच्या खात्यातूनच नोंदवता येते.

बिल्डिंग_सी काका, तुमचा वहीचा मुद्दा अगदी खरा आहे, आईचाही नंबर वहीतून गेला होता एकदा. पण वहीत तिच्या स्वभावाला मार्क नव्हते.

बिल्डिंग_सी

अश्विनी, हे वाचून खरंच वाईट वाटलं. लिफ्टचं तर आमच्याकडेही तसंच आहे.

निर्गुडी

थोडं यंत्राच्या बाजूने लिहितो, कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो, या वस्तू रोज उघडतो.

फरक कुठे पडलाय ते समजून घ्या. आधी नोंद करायला कुणीतरी मुद्दाम बसायला लागायचं. आता नोंद न करणं हेच जास्त कष्टाचं झालंय. फास्टॅगचं बघा, १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलवर सगळ्यांना सक्तीचा झाला. सोय आहेच, रांगा कमी झाल्या. पण टॅग ज्याच्या खात्याला जोडलाय त्याच्या फोनवर मेसेज जातो, गाडी कोण चालवतंय त्याच्या नाही. घरातली गाडी बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर. म्हणजे बायको किणी टोलवरून गेली की नवऱ्याला सांगलीत बसून कळतं. बऱ्याच घरात याचं काहीच नाही, ज्या घरात आधीच "कुठे गेली होतीस" चालतं तिथे याचं खूप काही आहे. टोल घ्यायला बनवलेली वस्तू, तिने हे काम आपोआप अंगावर घेतलं.

तसंच ते ॲपलचे एअरटॅग, २०२१ च्या एप्रिलमध्ये आले. त्यात जीपीएस नसतं हे बहुतेकांना माहीत नसतं. ती बटणाएवढी चकती ब्लूटूथवर हाका मारत राहते आणि आसपासच्या अनोळखी लोकांचे आयफोन ती हाक ऐकून जागा कळवतात, त्या लोकांना पत्ताही नसतो. किल्ल्या शोधायला झकास. पण पहिल्या वर्षातच बायकांच्या पर्समध्ये, गाडीच्या बंपरमागे ठेवल्याच्या बातम्या परदेशातून यायला लागल्या. सुरुवातीला मालकापासून तीन दिवस लांब राहिल्यावर ती वाजायची, मग ते ८ ते २४ तासांवर आणलं. अँड्रॉइड वापरणाऱ्याला तर डिसेंबर २०२१ पर्यंत अधिकृत ॲपच नव्हतं आणि आलं तेही स्वतः उघडून शोधायला लागायचं. ॲपल आणि गूगल दोन्ही कंपन्यांनी मिळून, कुणाचाही टॅग असला आणि कुठलाही फोन असला तरी आपोआप इशारा येईल असं केलं ते मे २०२४ ला. तीन वर्षं गेली मधे. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड आणि अँड्रॉइडवर एअरटॅगचा आपोआप इशारा आला तो जुलै २०२३ ला, म्हणजे तोवरची दोन वर्षं आपल्याकडच्या बायकांना सगळ्यात कमी संरक्षण होतं.

कुणाला शंका असेल तर अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये सेफ्टी अँड इमर्जन्सी मध्ये जा, तिथे अनोळखी ट्रॅकरचा इशारा आहे, चालू आहे का बघा आणि हाताने स्कॅनही करता येतं. आज घरी गेल्यावर आईचा, बहिणीचा फोन घेऊन करा.

गंधाली_स

मी वेगळं लिहिणार आहे, कारण आमच्या घरी अशा टॅगनेच निभावतंय. वडिलांना स्मृतिभ्रंश आहे, आम्ही साताऱ्याजवळ राहतो. ते पहाटे उठून कधी एसटी स्टँडकडे तर कधी जुन्या शेताकडे चालायला लागतात. पायजम्याच्या नाडीच्या नेफ्यात मी टॅगचा खिसा शिवलाय, आतल्या बाजूने, मऊ कापडाचा, कारण गळ्यात घातलं की ते ओढून फेकून देतात आणि घड्याळ हातात टिकत नाही. स्टँडच्या बाजूला गेले तर लगेच कळतं, तिथे माणसं आहेत, फोन आहेत. शेताकडे गेले तर तासतासभर काही नाही, जुनीच जागा दाखवत राहतं. निर्गुडी यांनी आत्ता लिहिलं म्हणून कारण नीट कळलं.

पण एक आहे. आजार सुरुवातीला होता तेव्हा वडिलांना सगळं समजत होतं आणि तेव्हाच मी त्यांना विचारलं होतं की पुढे असं काही लावलं तर चालेल का. ते म्हणाले लाव, पण कोण कोण बघणार ते मला सांग. मी सांगितलं, मी आणि दादा. अजून तेवढंच आहे. चुलत भावांनी मागितलं, काळजीनेच मागितलं, मी दिलं नाही. मला वाटतं ज्याच्यावर लक्ष ठेवतो त्याला आधी विचारणं शक्य असेल तर विचारलंच पाहिजे, मग ते वडील असोत की भांडी घासणारी बाई.

राइनकाठ

जर्मनीतून लिहितेय. इथे फेब्रुवारी २०१७ मध्ये 'केयला' (Cayla) नावाच्या बोलक्या बाहुलीवर दूरसंचार नियामकाने बंदी घातली, कारण दिलं ते असं की ही लपवलेलं प्रसारण यंत्र आहे, खोलीतलं बोलणं कुणाला न कळता बाहेर जाऊ शकतं. ब्लूटूथला पासवर्डच नव्हता, शेजाऱ्यालाही जोडता यायचं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुलांच्या काही स्मार्ट घड्याळांवरही बंदी आली, ज्यात पालक घरबसल्या गुपचूप माइक चालू करून ऐकू शकत होते. नियामकाने हेही सांगितलं होतं की काही पालक यातून वर्गात शिक्षक काय बोलतात ते ऐकतायत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, घड्याळ मुलाच्या हातात आणि नोंद शिक्षिकेची, जिने काहीच विकत घेतलं नव्हतं. तुमच्या मुलांची ती सिमवाली घड्याळं घेताना असा "ऐका" पर्याय आहे का तेवढं बघाच.

चाळीसगाव_भाडं

आमचे ट्रक आहेत. जीपीएस नसेल तर पार्टी माल देत नाही आता, त्यामुळे लावावं की नाही हा प्रश्नच उरला नाही. सुरुवातीला ड्रायव्हर लोक नाराज होते, जेवायला थांबलं तरी फोन येतो म्हणून. मग मी त्याच ॲपचं लॉगिन ड्रायव्हरलाही दिलं, त्याच्याच गाडीपुरतं. याचा फायदा असा झाला की कंपनीच्या गेटवर गाडी खाली व्हायला दोन दोन दिवस उभी ठेवतात आणि हॉल्टिंग (गाडी उभी राहिल्याचे पैसे) द्यायच्या वेळी म्हणतात गाडी आलीच उशिरा. आता ड्रायव्हर तिथल्या तिथे फोन काढून दाखवतो, बघा साहेब, सोमवारी सकाळी साडेसहाला गेटवर लागली. पैसे मिळतात. त्याचा त्यालाही वाटा देतो. नोंद तीच, पण त्याच्याही हातात आहे म्हणून तो आता स्वतः बघतो यंत्र चालू आहे का. रानजाई ताईंनी विचारलं त्याचं माझ्याकडून हे उत्तर.

नेवासकर_वकील

कायद्याचं थोडक्यात. गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी प्रकरणात सांगितलं. त्यानंतर २०२३ ला वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू करायला १८ महिन्यांची मुदत ठेवलीय. म्हणजे आज सभेत कायदा दाखवून कुणाला घाबरवता येणार नाही, पण ठराव करताना त्याच्याशी जुळवून करणं शहाणपणाचं.

आता यात जे अडचणीचं आहे ते सांगतो. कलम ७ मध्ये काही कारणांसाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा आहे, त्यात नोकरीचं कारण आणि मालकाचं नुकसान टाळणं हे आहे. आणि कलम ११, ज्यात माझी काय माहिती तुमच्याकडे आहे ते मला सांगा असं विचारायचा हक्क आहे, तो मिळतो ज्याने संमती दिलीय किंवा स्वतःहून माहिती दिलीय त्याला. दुरुस्तीचा आणि पुसून टाकायचा हक्कही तसाच. दोन्ही एकत्र वाचलं की काय होतं बघा. मालकाने नोकरीच्या नावाखाली संमती न विचारता नोंद ठेवली तर कामगाराला ती नोंद मागायचाही हक्क या कायद्यात उरत नाही असा अर्थ निघू शकतो. वऱ्हाडी_सुपारींनी सांगितलेल्या घड्याळवाल्या कामगारांची जागा नेमकी हीच. कायदा करताना ही फट राहिली याचं मला मनापासून वाईट वाटतं आणि ती बुजवायला हवी.

पण तुमच्या केसमध्ये एक वाट आहे. मावशींची मालक सोसायटी नाही, फ्लॅटधारक आहे. फ्लॅटधारकाने स्वतःच्या घरापुरती हजेरी लिहिली तर घरगुती वापर म्हणून तो कायद्याबाहेर. सोसायटी आणि ॲपची कंपनी मात्र घरगुतीही नाहीत आणि मालकही नाहीत. म्हणून माझ्या मते त्यांना संमती घ्यावीच लागेल, आणि संमती म्हणजे मोकळेपणाने दिलेली, काय कशासाठी ते समजावून सांगितलेली, पुन्हा केव्हाही तितक्याच सहज काढून घेता येईल अशी. सूचना मराठीत मागायचाही हक्क आहे, घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत. "सही कर नाहीतर गेटमधून आत सोडणार नाही" ही मोकळी संमती होत नाही.

घरकामगारांसाठी आपल्या राज्यात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण त्यात असल्या नोंदींबद्दल काही नाही.

बिल्डिंग_सी

वकीलसाहेब, व्यवहाराचा प्रश्न. आमचा ॲपवाल्यांशी करार आहे, त्यात रेटिंग बंद करायला सांगता येतं का? मी आज मॅनेजरला विचारलं तर म्हणाला ते "डीफॉल्ट चालू" आहे, सोसायटीने लेखी दिलं तर बंद होतं. म्हणजे इतकी वर्षं एका पत्राने बंद होण्यासारखं होतं आणि कमिटीत कुणाच्या मनात आलं नाही. पत्र मी उद्या देतोय.

वऱ्हाडी_सुपारी

+१, काका. करून टाका.

अश्विनी_नक्षत्र

आईला काल रात्री हा धागा वाचून दाखवला. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहिते: "नोंद राहू दे. बारा वर्षं त्या घरात होते तेव्हा खाडे किती धरले नि पैसे किती कापले ते तोंडी चालायचं, कागद असता तर मीच दाखवला असता. पण मला पण दे." चेहऱ्याला मात्र ती नको म्हणाली. कोड विसरला तर बदलता येतो, चेहरा एकदा दिला की दिला, काम सोडल्यावर तो कुठे राहणार हे तिने विचारलं आणि मला सांगता आलं नाही.

नेवासकर_वकील

आईंचा प्रश्न ठरावात जसाच्या तसा घ्या. काम सोडल्यावर नोंद किती दिवसांत पुसणार, आणि पुसली हे लेखी कोण देणार.

रानजाई

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सभेसाठी ठरावाचा मसुदा केलाय, बघून सांगा.

चेहरा ओळखणारा कॅमेरा बसवू नये, सध्याचा कोड चालू ठेवावा, विसरणाऱ्यांसाठी सोसायटीने फोटोचं साधं ओळखपत्र द्यावं, खर्च सोसायटीचा. रेटिंग आणि शेरे बंद, आधीचे पुसून टाकावेत आणि पुसल्याचं कंपनीकडून पत्र घ्यावं. कोण कुठल्या घरात काम करतं ते इतर सभासदांना दिसू नये. गेटवरची वेळ पगार कापायला वापरू नये, कारण ती कामाची वेळ नाही (अश्विनीने लिहिलेलं लिफ्टचं आणि तीन घरांचं उदाहरण मी तिथे वाचून दाखवणार आहे, नाव न घेता, अश्विनी चालेल ना?). दर महिन्याला प्रत्येक कामगाराला आपल्या हजेरीचा मराठीत छापलेला कागद गेटवर मागितल्यावर मिळावा आणि चूक असेल तर सात दिवसांत ऑफिसात सांगता यावी. काम सोडल्यावर तीस दिवसांत नोंद पुसावी, पोलिसांनी लेखी मागितलेली तेवढी सोडून.

सूचक मी. अनुमोदक म्हणून तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त शिक्षक तयार झालेत. सभा रविवारी सकाळी अकराला ठेवलीय, त्या वेळी मावशी सगळ्या कुणा ना कुणाच्या स्वयंपाकघरात असतात, म्हणून अध्यक्षांना पत्र दिलंय की ही चर्चा संध्याकाळी सहानंतर घ्या आणि कामगारांपैकी ज्यांना यायचंय त्यांना बसायला खुर्ची आणि बोलायला माइक द्या. सभासद नसलेल्यांना निमंत्रित म्हणून बोलवता येतं ना, वकीलसाहेब?

नेवासकर_वकील

येतं. मतदान करता येणार नाही, पण अध्यक्षांच्या परवानगीने बोलता येतं. परवानगी आधी लेखी घेऊन ठेवा.

अश्विनी_नक्षत्र

चालेल ताई, नाव घेतलं तरी चालेल. आणि कागद छापाल तेव्हा अक्षर मोठं ठेवा.